भूल, गाबोळी आणि मेंदूतले राखणदार

गेल्या महिन्यात मालवणजवळच्या आमच्या वाडीतल्या एका पाच महिन्यांच्या गरोदर पोरीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं, तर घरचे डॉक्टरांना थोडं थांबायची विनवणी करायला लागले. आजी म्हणाली, "भूल दिल्यार पोराच्या डोक्यार परिणाम होतलो." वर व्हॉट्सअपवरचा मेसेज, की भुलीच्या औषधाने पोटातल्या बाळाची प्रतिकारशक्तीच मरते. ग्रहणात विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो हे साफ खोटं आहे, पण भुलीच्या बाबतीत मात्र विचारण्यासारखा खरा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, प्रतिकारशक्तीच्याच कुळातल्या. मेलेल्या पेशी साफ करायच्या, नको असलेले चेतापेशींचे जोड खुडायचे ही त्यांची कामं. आणि त्या येतात कुठून? माशाची गाबोळी आठवा, प्रत्येक दाण्यात बलक असतो, पिल्लाची शिदोरी. माणसाच्या गर्भालाही तशी बलकपिशवी असते, फक्त तिच्यात शिदोरी नसते, पण पहिल्या रक्तपेशी आणि या राखणदारांचे पूर्वज तिथेच तयार होतात, हाडातली मज्जा कामाला लागायच्या कितीतरी आधी, आणि तिथून निघून मेंदूत वस्ती करतात. मोठेपणीच्या मायक्रोग्लिया त्याच पहिल्या वस्तीच्या वंशज, हे २०१० साली उंदरांत दाखवलं गेलं. मला हे अजून नवलाचं वाटतं.

आता भूल. मायक्रोग्लिया आपले बारीक हात सतत हलवून आजूबाजूचा मेंदू चाचपत असते. त्यासाठी पेशीची आतली बाजू बाहेरपेक्षा विद्युतदृष्ट्या ऋण राहावी लागते, आणि ते काम थिक-१ (THIK-1) नावाची पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची वाट करते, तिच्यातून पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. या नावातलं एच हे अक्षर हॅलोथेनचं, म्हणजे भुलीच्या या जुन्या वायूने बंद पडणारी वाट! २०१८ मध्ये मेंदूच्या कापांत दिसलं की ही वाट बंद केली की हात आखडतात, फेरी मंदावते. चेतापेशीत मात्र असेच वायू दुसऱ्या पोटॅशियम वाटा उघडतात आणि तिला गप्प करतात. पण २०१९ मध्ये जिवंत उंदरांत उलटंच दिसलं, भुलीत हात जास्त पसरले, कारण जागेपणी नॉरअॅड्रेनालिन हे मेंदूतलं रसायन त्यांना आवरून धरतं आणि भुलीत ते घटतं. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत तर या पेशी बघायच्या म्हणूनच पिल्लाला ट्रायकेन हे माशांचं भुलीचं औषध देऊन स्थिर ठेवतात, ते सोडियमची वाट अडवतं, मग दिसतंय ते पेशीचं वागणं की औषधाचं हे वेगळं काढत बसावं लागतं.

थोडक्यात पेशींचं वागणं बदलतं, पण "प्रतिकारशक्ती मरते" असं कुठेच दिसलेलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये इशारा दिला तो ३ वर्षांखालच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ३ तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल, आणि गरजेचं ऑपरेशन टाळू नका असंही सांगितलं.

त्या पोरीच्या घरच्यांना मी एवढंच सांगितलं की अपेंडिक्स फुटलं तर बाळ जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. आणि भूलतज्ज्ञ तिला टेबलावर थोडं डाव्या कुशीवर कलतं ठेवतील, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून ब्लड प्रेशर उतरू नये म्हणून, कारण आईचं प्रेशर आणि ऑक्सिजन सांभाळणं हीच बाळाची खरी राखण.