ठिबकता नळ

ठिबकता नळ : चावी पूर्ण बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत राहणारा नळ. घरातल्या किरकोळ कटकटींमध्ये ही सर्वांत चिवट. बिघाड इतका लहान दिसतो की दुरुस्ती पुढे ढकलली जाते, आणि रात्री घर शांत झाले की तोच आवाज झोप उडवतो. नळ बंद केल्यानंतर मिनिटभर पडणारे चार-दोन थेंब मात्र गळती नव्हे; ते तोंडात आणि जाळीत अडकून राहिलेले पाणी असते. दहा मिनिटांनंतरही थेंब पडत असेल तर आत काहीतरी झिजले आहे असे समजावे.

थेंबाच्या आवाजाचे खरे कारण २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा, मायक्रोफोन आणि पाण्याखालचा ध्वनिग्राहक एकत्र वापरून दाखवले. थेंब पाण्यावर आदळतो तो क्षण जवळजवळ निःशब्द असतो. आदळल्यावर पृष्ठभागात खळगा पडतो, पृष्ठताणामुळे तो झटकन मिटतो आणि मिटताना त्याच्या तळाशी हवेचा बारीक बुडबुडा अडकतो. हा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावू लागला की वरचा पृष्ठभागही त्याच्या तालावर थरथरतो, आणि तोच थरथराट हवेत ‘टिंग’ असा उमटतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंप्रता सुमारे ३,३०० हर्ट्झ भरते. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून एवढासा आवाज दुसऱ्या खोलीतही पोहोचतो. कोरड्या पत्र्याच्या सिंकवर पडणाऱ्या थेंबाचा ‘टप’ वेगळा. तिथे पत्राच वाजतो.

त्रास आवाजाइतकाच त्याच्या अनियमिततेचाही आहे. ठरावीक अंतराने येणाऱ्या आवाजाची सवय होऊ शकते, पण पुढचा थेंब कधी पडेल हे कळत नसले की कान त्याची वाट पाहत राहतो. १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील रॉबर्ट शॉ यांनी ठिबकत्या नळाचा अभ्यास केला. प्रवाह अगदी मंद असताना थेंब समान अंतराने पडतात, थोडा वाढवला की लांब-आखूड अशा जोड्या पडू लागतात, आणि आणखी वाढवला की ताल पूर्ण मोडतो. घरात भर म्हणून नळाचा दाबही बदलतो. थेट जलवाहिनीवरच्या नळाला रात्री दाब जास्त असतो, कारण त्या वेळी इतरांचा वापर थांबलेला असतो. दिवसा कोरडा राहणारा नळ रात्री ठिबकतो तो यामुळे.

पाण्याचा हिशेबही सोडून देण्याजोगा नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या गणितात एक लिटर म्हणजे सुमारे ४,००० थेंब. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला साडेएकवीस लिटर आणि वर्षाला जवळपास ७,९०० लिटर पाणी जाते. आपल्या नळाचा आकडा हवा असेल तर तासभर मापाचे भांडे लावून येईल त्याला २४ने गुणावे.

दुरुस्तीआधी पाणी नेमके कुठून येते ते पाहावे. तोंडातून येत असेल तर दोष आतल्या वॉशरचा किंवा तो ज्यावर टेकतो त्या पितळी बैठकीचा असतो. चावीच्या खालून झिरपत असेल तर स्पिंडलभोवतीचे (चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या दांड्याभोवतीचे) पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडे) गेलेली असते, आणि फिरत्या तोंडाच्या बुडाशी ओल असेल तर तिथली ओ-रिंग. गरम-थंड एकत्र येणाऱ्या नळात एका वेळी एकच बाजूचा कॉक (नळाकडे येणारे पाणी अडवणारी झडप) बंद करून पाहिले की दोषी बाजू कळते.

वॉशरच्या नळाचे काम अर्ध्या तासाचे आहे. आधी त्या नळाचा कॉक बंद करून नळ उघडा ठेवावा, म्हणजे उरलेले पाणी निघून जाते. सिंकच्या भोकावर फडके ठेवावे. स्क्रू त्यातच हरवतात. टोपी उचकटून स्क्रू काढावा, चावी उपसावी आणि खालचे षट्कोनी नट पान्याने डावीकडे फिरवावे. या वेळी नळाचे अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरले नाही तर भिंतीतला जोड पिळवटतो आणि छोटी गळती मोठी होते. स्पिंडल बाहेर आला की टोकाला वॉशर दिसतो. त्यावर गोल खाच पडलेली असेल किंवा रबर कडक झाले असेल तर त्याच मापाचा नवा बसवावा. मग बोट घालून बैठक चाचपावी. खरखर किंवा ओरखडा लागला तर ती घासून सपाट करण्याचे छोटे हत्यार मिळते. बहुतेक वेळा हीच पायरी गाळली जाते, आणि खडबडीत बैठक नवा वॉशर काही आठवड्यांत कातरून टाकते. स्पिंडलच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली काही प्रकारचे रबर फुगवते. परत जोडताना स्पिंडल अर्धा उघडा ठेवावा, नाहीतर नट आवळताना वॉशर बैठकीवर चिरडतो.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन चिनीमातीच्या चकत्या पाणी अडवतात. वाळूचा कण अडकला किंवा क्षार साचले की त्या नीट मिटत नाहीत. कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या बसवलेला सुटा भाग, काढून अर्धा-एक तास व्हिनेगरमध्ये ठेवल्यास क्षार सुटतात. चकतीवर ओरखडा असेल तर अख्खे कार्ट्रिजच बदलावे लागते. उंची आणि वरच्या दात्यांची संख्या नळागणिक वेगळी असते, म्हणून जुने कार्ट्रिज सोबत नेल्याशिवाय नवे घेऊ नये.

गळणारा नळ जोर लावून आवळणे ही सर्वांत घातक सवय. थेंब त्या वेळेपुरता थांबतो, पण वॉशरमधली खाच खोल होते, पुढच्या वेळी आणखी जोर लागतो आणि शेवटी स्पिंडलचे आटे झिजतात. चकत्यांच्या नळात तर जोराने चकतीच तडकू शकते.

दुरुस्ती होईपर्यंत रात्र काढायची असेल तर नळाच्या तोंडाला सुती दोरा बांधून त्याचे टोक खालच्या पाण्यात सोडावे. थेंब न सुटता दोऱ्यावरून उतरतो. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे थोडे द्रावण टाकले तरी चालते. पृष्ठताण घटल्याने बुडबुडा अडकत नाही आणि थेंब मुका होतो. दुरुस्तीनंतर कॉक हळूहळू उघडावा आणि नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून ठेवावी, कारण पहिल्या पाण्याबरोबर सुटलेला गंज आणि कचरा येतो. पाणी स्वच्छ वाहू लागले की जाळी लावावी आणि नळ बंद करून दहा मिनिटे तोंडाखाली कोरडा कागद ठेवून पाहावा.