बोलका विद्यार्थी, अबोल विद्यार्थी : स्वभाव आणि परभाषेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

स्वभावाचा आणि परभाषा येण्याचा काही संबंध असतो ही समजूत जुनी असली, तरी तिची पद्धतशीर तपासणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. त्याआधी, 1936 साली माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18 हजार शब्द इंग्रजी शब्दकोशातून वेचले गेले आणि त्यांच्या गाळणीतून पुढे बहिर्मुखता, सौहार्द, कामातील चिकाटी, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीची खुली वृत्ती या पाच स्वभावगुणांची चौकट उभी राहिली.

या पाचांपैकी सर्वाधिक वाद झाला तो बहिर्मुखतेवर, म्हणजे लोकांत मोकळेपणाने मिसळण्या-बोलण्याच्या वृत्तीवर. बोलका विद्यार्थी भाषा लवकर उचलतो, असे बहुतेक शिक्षक आजही धरून चालतात. 1978 साली टोरंटोत फ्रेंच शिकणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांच्या पाहणीत मात्र बहिर्मुखता आणि भाषाचाचण्यांतील यश यांचा संबंध आढळला नाही, आणि तो निष्कर्ष इतका प्रमाण मानला गेला की त्यानंतर हा गुण बराच काळ अडगळीत पडला. 1999 साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील मोजमाप मुख्यतः लेखी भाषेचे असल्याचे दिसून आले. बोलण्याचा ओघ मोजला असता, विशेषतः ताणाच्या प्रसंगी, बहिर्मुखांची बाजू वरचढ ठरत होती. स्वभावाविषयीचा म्हणून स्वीकारलेला निकाल अशा रीतीने बराचसा प्रश्नपत्रिकेविषयीचा होता.

खानदेशात हा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा होतो. घरी अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी, शाळेत प्रमाण मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी, अशा क्रमाने येथील अनेक पिढ्या शिकल्या. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली, म्हणजे त्या धोरणाखाली शिकलेली पहिली तुकडी 2012 च्या सुमारास पदवीच्या वर्गात पोहोचली. जळगावात 1990 साली स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि पदवीचे शिक्षण जवळ आले, तरी इंग्रजी बोलण्याच्या संधी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. यावल किंवा शहाद्याच्या एसटी स्टँडवर अहिराणीत अख्खा घोळका हसवणारा मुलगा इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत दोन वाक्यांनंतर गप्प होतो आणि त्याच्या नावापुढे ‘लाजाळू’ असा शेरा पडतो. हा शेरा घाईचा आहे.

1986 साली तयार झालेल्या 33 विधानांच्या मापनश्रेणीने परभाषेच्या वर्गात वाटणारी धास्ती सर्वसाधारण भित्रेपणापासून वेगळी काढली, आणि खानदेशच्या दृष्टीने पाच गुणांच्या चौकटीपेक्षा हीच भर अधिक उपयोगाची ठरते. अलीकडे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले जातात. त्यांत नव्या अनुभवांविषयीची खुली वृत्ती आणि कामातील चिकाटी यांचा भाषेतील प्रगतीशी संबंध दिसतो, पण तो बेताचाच असतो. शिवाय स्वभावाच्या प्रचलित प्रश्नावल्यांत ‘मी बोलका आहे’ अशा अर्थाचे विधान असते. कोणत्या भाषेत, हे त्यात विचारलेले नसते, आणि दोन-तीन भाषांत वावरणारा विद्यार्थी त्यांपैकी एखादी मनाशी धरून खूण करतो.