मराठवाड्यातील लढती: दुरंगी आणि बहुरंगी यांची पार्श्वभूमी

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. या पद्धतीत शेवटी दोनच मोठे पक्ष टिकतात, असे फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडले. अमेरिकेत तसे झालेही. भारतात मात्र पक्ष वाढतच गेले. असे का, हे मराठवाड्याकडे पाहिले की समजते: मत फुटण्याची भीती मतदारसंघापुरती असते, देशभर एकच जोडी तयार करण्याइतकी ती पोचत नाही.

१९५२ मध्ये हा भाग हैदराबाद राज्यात होता. परभणीची लोकसभेची जागा तेव्हा शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) जिंकली. १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले. १९७७ मध्ये नांदेडला शेकापचे केशवराव धोंडगे, तर औरंगाबादला जनता पक्षाचे बापू काळदाते. म्हणजे काँग्रेसचा तगडा विरोधक जिल्ह्यागणिक वेगळा होता.

१९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीनंतर शिवसेना इथे मोठी ताकद झाली आणि १९९९ मध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली. चार पक्ष, पण शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी मिळून लढत बव्हंशी दुरंगी असायची. हे सारे जागावाटपावर उभे असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत दोन्ही मित्रपक्षांचे बी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र) पोचले आणि माघारीच्या मुदतीत कुणीच हटले नाही, की ‘मैत्रीपूर्ण लढत’ होते. बंडखोर अपक्ष उभा राहिला तरी नुकसान तेच.

२०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही २५ सप्टेंबरला, एकाच दिवशी तुटल्या. औरंगाबाद मध्यमध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील ६१,८४३ मतांवर आमदार झाले. शिवसेनेला ४१,८६१ आणि भाजपला ४०,७७० मते होती. या दोघांची बेरीज ८२,६३१. अर्थात एकत्र लढले असते तर सगळी मते एकाच पारड्यात पडली असती, हे गृहीत धरणे चूक आहे. निवडणुकीच्या चर्चेत ही चूक फार होते.

२०१९ ला लोकसभेला युती होती, तरी औरंगाबादेत जलील ४,४९२ मतांनी जिंकले, कारण अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते घेतली होती. अनामत वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांशाहून अधिक वाटा लागतो. जाधवांनी तो सहज ओलांडला, आघाडीच्या उमेदवाराला मात्र तो गाठता आला नाही.