घरच्या औषधी गांजाची बुरशी आणि कीटकनाशक तपासणी (कॅलिफोर्निया): पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

कॅलिफोर्नियात डॉक्टरांच्या शिफारशीवर घेतला जाणारा गांजा घरात दोन वाटांनी येतो. एक परवानाधारक दुकानातून, दुसरी स्वतःच्या परसातून किंवा गॅरेजमधल्या तंबूतून. दुकानातल्या मालाची तपासणी सक्तीची आहे. घरच्या मालाकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि तो आपणहून तपासून घेता येतो हेच बऱ्याच रुग्णांना ठाऊक नसतं. राज्याच्या कायद्यात त्यासाठी एक छोटीशी तरतूद आहे. ही माहिती मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

तपासणीची एवढी गरज का, ते आधी सांगतो. औषधी गांजा घेणाऱ्यांत केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, एचआयव्हीबाधित असे प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक असतात. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू निरोगी माणसाच्या फुप्फुसात गेले तर बहुधा काही होत नाही. या मंडळींना मात्र त्यातून जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. ‘पेटवल्यावर सगळं जळतंच की’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तो चुकीचा आहे. धुरासोबत जिवंत बीजाणू आत जाऊ शकतात, बुरशीनं तयार केलेली विषं उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, आणि काही रसायनं तर तापवल्यावर जास्त घातक होतात. द्राक्षावर भुरी नावाच्या बुरशीसाठी मारतात ते मायक्लोब्युटानिल तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. द्राक्ष आपण खातो, पेटवत नाही, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

कोण पात्र आहे

१९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २१५ या कायद्यानुसार कॅन्सर, एड्स, काचबिंदू, संधिवात, मायग्रेन, दीर्घकालीन वेदना, भूक मरणं, स्नायूंचे आखडे, किंवा गांजानं आराम पडतो असा दुसरा कोणताही आजार असलेल्या व्यक्तीला डॉक्टर शिफारस देऊ शकतात. अशी शिफारस असलेला तो ‘पात्र रुग्ण’. परवानाधारक प्रयोगशाळा पात्र रुग्णाकडून किंवा त्याच्या ‘प्राथमिक काळजीवाहका’कडून नमुना घेऊ शकते.

काळजीवाहक या शब्दावर लोक घसरतात. रुग्णानं ज्याला नेमलंय आणि जो रुग्णाचं राहणं, आरोग्य किंवा सुरक्षितता यांची जबाबदारी सातत्यानं सांभाळतोय, तोच काळजीवाहक. नुसता गांजा आणून देणारा माणूस त्यात बसत नाही. २००८ मध्ये मेंच खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. अंथरुणाला खिळलेल्या आईची उठबस करणारी मुलगी बसते. शेजारचा बागकामाचा शौकीन बसत नाही.

कायद्यातला शब्द ‘घेऊ शकते’ असा आहे. प्रयोगशाळेनं घेतलाच पाहिजे असा नाही. बऱ्याच प्रयोगशाळा फक्त वितरकांचंच काम करतात, त्यामुळे आधी फोन करून ‘रुग्णाचा वैयक्तिक नमुना घेता का, आणि किती ग्रॅम लागेल’ असं विचारा. प्रयोगशाळेचा परवाना चालू आहे का, ते डिपार्टमेंट ऑफ कॅनाबिस कंट्रोलच्या, म्हणजे डीसीसीच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे डॉक्टरांचं वैध शिफारसपत्र. प्रयोगशाळेला कायद्यानं हेच बघायचं असतं. पत्रावर रुग्णाचं नाव, तारीख, मुदत, डॉक्टरांची सही आणि परवाना क्रमांक नीट वाचता येतात ना, ते बघा. डॉक्टरांचा कॅलिफोर्नियाचा परवाना चालू आहे की नाही, हे मेडिकल बोर्डाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत पत्र देणारी दुकानं बरीच आहेत, म्हणून ही दोन मिनिटं खर्च करा. सोबत फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र ठेवा. काळजीवाहक जाणार असेल तर रुग्णाचं शिफारसपत्र, रुग्णानं सही करून दिलेलं नेमणुकीचं पत्र आणि स्वतःचं ओळखपत्र न्यावं.

राज्याचं मेडिकल मारिजुआना ओळखपत्र या कामाला पुरत नाही. आमच्या ओळखीतले एक काका ते कार्ड घेऊन तासभर गाडी चालवत गेले. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटसुलट करून परत दिलं आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं. पत्र घरी कपाटात. गंमत म्हणजे या कार्डावर रुग्णाचं नावच नसतं. फोटो, एक क्रमांक, मुदत आणि काउंटीच्या आरोग्य विभागाचा तपशील, एवढंच. प्रयोगशाळेला मात्र रुग्णाचं किंवा काळजीवाहकाचं नाव आणि किती माल घेतला, याची नोंद ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

म्हणून कार्ड निरुपयोगी ठरत नाही. ते ऐच्छिक आहे, आणि दुकानातून औषधी गांजा घेताना ते दाखवलं तर विक्रीकर माफ होतो. (अबकारी कर भरावाच लागतो.) काउंटीच्या आरोग्य विभागात अर्ज, शिफारसपत्र, फोटो ओळखपत्र आणि त्याच काउंटीत राहत असल्याचा पुरावा द्यायचा. भाडेकरार किंवा विजेचं बिल चालतं. शुल्क १०० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही, मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्यविमा) असेल तर निम्मं लागतं. पडताळणीला विभागाला ३० दिवस मिळतात. कार्ड जास्तीत जास्त वर्षभर चालतं.

नाव नोंदलं जातं म्हटल्यावर आपल्या लोकांसाठी एक सूचना इथेच देतो. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर राज्यात काय कायदेशीर आहे, यावर विसंबू नका. इमिग्रेशन संघीय कायद्यानं चालतं, आणि गांजाशी संबंधित कृती राज्यात वैध असल्या तरी नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतात, असं यूएससीआयएस या संघीय इमिग्रेशन खात्यानं २०१९ मध्ये लेखी मार्गदर्शनात म्हटलंय. शिफारसपत्र घेण्याआधीच इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या.

नमुना कसा काढायचा

अख्ख्या प्रक्रियेतला कळीचा भाग हा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या हातात पडलेल्या नमुन्याबद्दल बोलतो. घरातल्या बरणीबद्दल बोलायचा त्याला काही आधार नसतो.

दुकानात जाणाऱ्या मालाचा नमुना काढताना राज्य काय करायला लावतं, ते बघा. एक बॅच जास्तीत जास्त ५० पौंडांची. नमुना शेतकरी किंवा वितरक काढत नाही. प्रयोगशाळेचा माणूस वितरकाच्या गोदामात येतो, हातमोजे घालून, निर्जंतुक चिमट्यानं वेगवेगळ्या ठिकाणांहून माल उचलतो आणि हे सगळं व्हिडिओवर चित्रित होतं. १० पौंडांपर्यंतच्या बॅचमधून ८ ठिकाणांहून, ४० च्या वर ५० पर्यंत असेल तर ३४ ठिकाणांहून. बुरशी आणि फवारणीचे अंश बॅचभर सारखे पसरलेले नसतात, म्हणून एवढा खटाटोप.

घरी हे काम तुमचंच, आणि कॅमेराही नाही. एकच देखणी कळी उचलून नेली तर अहवाल देखणाच येणार. झाडांच्या शेंड्याची, मधली, बुडाची अशी सगळीकडची थोडी थोडी फुलं घ्या. सर्वांत जाड, घट्ट कणसातली घ्याच, कारण आतला देठ कुजतो तो तिथेच. अशी एखादी कळी उभी चिरून बघा. आत तपकिरी, हाताला चुरा होणारा गाभा आणि त्यावर राखाडी लव दिसली तर ती बोट्रायटिस, म्हणजे कळी कूज. मग प्रयोगशाळेचे पैसे वाचवा आणि ते झाड टाकून द्या.

नमुना पूर्ण वाळवून, स्वच्छ काचेच्या बरणीत, हातमोजे घालून भरा. ओलसर फुलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून दोन दिवस गाडीत ठेवली तर बुरशी तुम्हीच वाढवून नेता. बरणीवर वाण, कापणीची तारीख आणि काय-काय फवारलं ते लिहा. तपासणीला लागणारा माल फार नसतो. नियमांप्रमाणे सूक्ष्मजीवांसाठी किमान १ ग्रॅम, कीटकनाशकांसाठी आणि बुरशीच्या विषांसाठी प्रत्येकी किमान ०.५ ग्रॅम. प्रयोगशाळा अर्थातच थोडं जास्त मागते. टपालानं पाठवायचा विचारही करू नका, टपाल संघीय आहे. स्वतः जा आणि बरणी बंद करून डिकीत ठेवा.

कोणत्या तपासण्या मागायच्या

वितरकाला सगळ्या चाचण्या कराव्याच लागतात. तुम्हाला निवड आहे. पैसे मोजूनमापून असतील तर टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) टक्केवारी सोडा, ती कुतूहलापुरती. आधी सूक्ष्मजीव, मग वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, मग कीटकनाशकं.

सूक्ष्मजीवांत अ‍ॅस्परजिलसच्या चार जाती बघतात: फ्युमिगेटस, फ्लेवस, नायगर आणि टेरियस. ओढायच्या मालात १ ग्रॅममध्ये यांपैकी एकही सापडता कामा नये. साल्मोनेला आणि घातक ई. कोलाय यांनाही तोच नियम. बुरशीच्या विषांत अफ्लाटॉक्सिनची एकूण मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम, ऑक्राटॉक्सिन ए चीही तेवढीच. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे मालातला एकूण ओलावा नव्हे. बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, ते ती सांगते. फुलांसाठी मर्यादा ०.६५. घरी पिकवणाऱ्यांसाठी हा आकडा मला सगळ्यांत कामाचा वाटतो, कारण आज बुरशी नसली तरी उद्या बरणीत धरेल का, हे त्यातून कळतं.

या यादीत भुरी नाही आणि बोट्रायटिसही नाही. बुरशी आणि यीस्टची एकूण संख्याही राज्य मोजायला लावत नाही. डोळ्यांना दिसणारी बुरशी ‘परकीय पदार्थ’ या चाचणीत येते, आणि तिथे नमुन्याच्या पृष्ठभागाचा पाव भाग व्यापला तर माल नापास. पाव भाग! म्हणून वरची कळी चिरून बघायची सूचना दुकानातल्या मालालाही लावा.

कीटकनाशकांची यादी ६६ रसायनांची. पहिल्या गटात क्लोरपायरिफॉस, कार्बोफ्युरान, पॅक्लोब्युट्राझोल अशी २१ आहेत. त्यांतलं एकही सापडलं की नापास. दुसऱ्या गटातल्या ४५ ना ठरावीक मर्यादा आहेत, आणि ओढायच्या मालाला त्या जास्त कडक. मायक्लोब्युटानिलला ग्रॅममागे ०.१ मायक्रोग्रॅम, खाण्याच्या मालाला ९.

‘मी तर काहीच फवारत नाही’ म्हणणाऱ्यांनीही एकदा ही चाचणी करावी. रोप नर्सरीतून आणलं असेल तर तिथली फवारणी त्याच्या अंगात असू शकते, आणि विक्रीच्या कोवळ्या रोपांना ही सक्तीची तपासणी लागू नाही.

अहवाल कसा वाचायचा

अहवालाला सीओए, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस म्हणतात. मायक्लोब्युटानिलची ओळ घ्या: आधी रसायनाचं नाव, मग उपकरणाला किती कमी दिसतं तो आकडा, किती कमी खात्रीनं मोजता येतं तो आकडा, मर्यादा ०.१, निकाल ‘एनडी’, शेवटी पास. एनडी म्हणजे ‘आढळलं नाही’. शून्य आहे, असा त्याचा अर्थ नाही. ‘एनटी’ म्हणजे तपासलंच नाही, आणि घाईत ही दोन अक्षरं सारखीच दिसतात. यादीबाहेरचं रसायन अहवालात उमटतच नाही. २०२४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं दुकानांतून घेतलेला माल तपासून घेतला, तेव्हा राज्याच्या यादीतच नसलेलं पायमेट्रोझिनही त्यात निघालं. त्यामुळे वेगळं काही फवारलं असेल तर प्रयोगशाळेला नाव सांगून विचारा.

घरच्या नमुन्याच्या अहवालावर माल विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. प्रयोगशाळेला तसं प्रमाणित करायलाच मनाई आहे.

निकाल नापास आला तर

सूक्ष्मजीवांमुळे नापास झाला तर ‘तेल काढून वापरू’ हा सल्ला हमखास मिळतो. बुरशी मेली तरी तिची विषं राहू शकतात. कीटकनाशकं असतील तर तेलात ती आणखी दाट होतात. शिवाय ज्वालाग्राही द्रावकानं घरी अर्क काढणं हा गुन्हा आहे, आणि त्यात गॅरेजं उडाली आहेत. माल माती आणि ओल्या कचऱ्यात मिसळून टाकून द्या. बरण्या, कात्र्या आणि वाळवणीच्या जाळ्या धुऊन घ्या, नाहीतर पुढच्या कापणीला तीच बुरशी हजर.

दुकानातल्या मालाबद्दल शंका असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा बॅच क्रमांक सीओएवरच्या क्रमांकाशी ताडून बघा, तपासणीची तारीख बघा, आणि उरलेला माल पाकिटासकट ठेवून डीसीसीकडे ऑनलाइन तक्रार करा. प्रयोगशाळेला त्या बॅचचा बाजूला काढलेला राखीव नमुना तपासणीनंतर किमान ४५ कामकाजाचे दिवस जपून ठेवावा लागतो, तेव्हा तक्रार जितकी लवकर कराल तितकी तो नमुना पुन्हा तपासला जाण्याची शक्यता जास्त.