परवडणारी व विशेष गरजांची घरे : नागरी गुंतवणूक

शहरातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी, तसेच अपंग, वृद्ध, दीर्घ मानसिक आजाराने त्रस्त किंवा बेघर व्यक्तींसाठी घरे बांधण्यात वा दुरुस्त करण्यात घातलेले भांडवल. घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असला तर घर परवडते, असे अनेक देशांत मानतात. एवढ्या भाड्यातून बांधकामाचे कर्ज सहसा फिटत नाही. ही तूट कोणी भरायची, यावरच सारे अवलंबून असते.

लंडनमध्ये १८६५ साली समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांनी लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या पैशातून गरिबांची घरे चालवायला घेतली. गुंतवणूकदाराला ५ टक्के परतावा ठरलेला होता. वरची रक्कम घरांच्याच सुधारणेसाठी. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर, महागड्यांना जास्त अशा चढत्या दराने, कर बसवला आणि नगरपालिकेनेच वसाहती उभारल्या. अमेरिकेत १९८६ पासून खासगी गुंतवणूकदार भांडवल पुरवतो आणि १० वर्षे करात सूट घेतो. कर्ज कमी काढावे लागल्याने भाडे उतरते. मात्र भाड्यावरचे बंधन मुदतीचे असते. मुदत संपल्यावर घरे बाजारभावाने जाऊ नयेत म्हणून मालकी ना-नफा संस्थेकडे असलेली बरी.

विशेष गरजांच्या घरांत रुंद दारे, आधाराचे दांडे, व्हीलचेअर वळवायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा लागते. आराखड्यातच हे धरले तर खर्च फारसा वाढत नाही. मागाहून भिंती फोडणे महागात पडते. पण खरी अडचण इमारत उभी राहिल्यावर सुरू होते. मदतनीस, समुपदेशन, उपचारांचा पाठपुरावा यांचा खर्च दर महिन्याचा असतो, आणि बांधकामाचा निधी त्यासाठी सहसा वापरता येत नाही. कर्जाची मुदत अनेक दशकांची, सेवेचे अनुदान मात्र बऱ्याचदा वर्षागणिक मंजूर होणारे. अनुदान थांबले की आजारी भाडेकरू एकटा पडतो, भाडे थकते आणि ज्याच्यासाठी घर बांधले त्यालाच ते सोडावे लागते. म्हणून सेवेच्या पैशाचा करार पायाभरणीआधी व्हायला हवा आणि राखीव निधी वेगळा ठेवायला हवा. भांडवल देणाऱ्याने हा आग्रह धरलाच पाहिजे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेत घराचा पैसा आणि मदतीचा पैसा वेगळा ठेवला आहे. मदतनीस बदलायचा म्हणून रहिवाशाला घर सोडावे लागू नये, हा त्यामागचा हेतू.