आडवाटेची मोटरसायकल भ्रमंती

आडवाटेची भ्रमंती म्हणजे हायवे मुद्दाम सोडून खडीच्या, मातीच्या, कधी नुसत्या दोन चाकोऱ्या उरलेल्या ग्रामीण रस्त्यांनी मोटरसायकलवर फिरणं. त्यासाठी गाडी अशी लागते की जी डांबरावर दिवसभर पळेल आणि डांबर संपलं तरी अडणार नाही. अशा गाडीला ॲडव्हेंचर मोटरसायकल म्हणतात, बोलताना नुसतं एडीव्ही. मोटोक्रॉस, एन्ड्युरो या शर्यती वेगळ्या, आणि वाट नसलेल्या रानात गाडी घालणं तर फारच वेगळं, त्याची गल्लत बरेच जण करतात. इथे वाट आधीपासून असते. ती कुणीतरी, कशासाठी तरी केलेली असते आणि बहुतेक वेळा आजही कुणाच्या तरी रोजच्या कामाची असते.

वाट कुणी केली

मला विचाराल तर या छंदातली सगळ्यात उपयोगी गोष्ट गाडीच्या आधी इथे आहे. रस्ता कुणी आणि का काढला हे कळलं की पुढे काय येणार याचा निम्मा अंदाज घरबसल्या येतो. लष्कराने डोंगरात काढलेला जुना रस्ता बहुधा बेताच्या चढाचा असतो, कारण त्यावरून खेचरांनी तोफा आणि रसद ओढायची होती, त्यामुळे वळणं खूप असली तरी दम काढणारा उभा चढ कमी. इटलीतल्या आल्प्समधला अस्सिएत्ताचा रस्ता असाच, दोन हजार मीटरच्या वर कड्याकड्याने जाणारा, १९व्या शतकात सैन्यासाठी बांधलेला आणि आज मोटरसायकलवाल्यांचा लाडका. याउलट विजेच्या तारांखालून जाणारी देखभालीची वाट नाकासमोर सरळ जाते, तारेला चढउताराचं काय, म्हणून नकाशावर ती सोपी दिसते आणि प्रत्यक्षात छातीवर येणारा चढ समोर उभा राहतो. लाकूडतोडीसाठी काढलेले जंगलातले रस्ते रुंद आणि छान असतात पण त्यातले कितीतरी लाकूड भरायच्या जागेपर्यंत जाऊन संपतात, पुढे काहीच नाही, परत फिरा.

गुरांसाठी काढलेल्या वाटा पाण्याकडून पाण्याकडे जातात. गुरांची नसली तरी पाणी धरून जाणारी वाट कशी असते याचं ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक हे फार सुंदर उदाहरण आहे. साधारण ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता कोरड्या मुलुखातून जातो, पण तो अशा जागांवरून जातो जिथे जमिनीखालचं पाणी झऱ्यांच्या रूपाने वर येतं. आधी आदिवासी लोकांची व्यापाराची वाट, मग त्याच झऱ्यांच्या आधाराने १८७२ साली पूर्ण झालेली तारायंत्राची लाईन, मग रेल्वे, आणि रेल्वे हलवल्यावर आता मागे उरलेला रस्ता. चार वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी एकच रेघ धरली कारण पाणी तिथेच होतं. त्याच देशातला ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड मांसासाठी पाळलेली गुरं बंदरापर्यंत न्यायला काढला, म्हणून तिथे आजही गुरांचे लांबलचक ट्रक समोरून येतात आणि ते गेल्यावर मिनिटभर पुढचं काही दिसत नाही.

काही रस्त्यांचा इतिहास जड आहे. रशियात याकुत्स्क आणि मगदानला जोडणारा सुमारे २००० किलोमीटरचा कोलिमा हायवे जगभरच्या राइडरना खुणावतो, पण तो स्टालिनच्या काळात छावण्यांतल्या कैद्यांकडून बांधून घेतला होता, त्यात असंख्य माणसं मेली आणि म्हणूनच त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. तिथे जाणाऱ्याने हे माहीत करून घेऊनच जावं असं मनापासून वाटतं.

गाड्या कशा आल्या

लांबवर मोटरसायकलने जाणं नवीन नाही. १९१२-१३ मध्ये कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी हा अमेरिकन तरुण चार सिलेंडरच्या हेंडरसनवर जगाला वळसा घालून आला, तेव्हा तर बरेचसे रस्ते कच्चेच होते, म्हणजे त्याला आडवाट शोधावी लागली नसणार. वेगळ्या जातीची गाडी म्हणून एडीव्ही आली ती १९७०-८० च्या दशकात. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून पहिली पॅरिस-डाकार रॅली, म्हणजे सहारा वाळवंटातून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंतची शर्यत, निघाली, पहिली दोन वर्षं सिरिल नेव्हो यामाहा एक्सटी ५०० या साध्या एका सिलेंडरच्या गाडीवर जिंकला. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली, जी म्हणजे गेलेंडं, रान, आणि एस म्हणजे श्ट्रासं, रस्ता, आणि पुढच्याच वर्षी ह्यूबेर ओरियोलने बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकली, तिथून मोठ्या इंजिनची गाडीसुद्धा मातीत चालते हे लोकांना पटलं. मग १९८७ ची कावासाकी केएलआर ६५०, १९८८ ची होंडा आफ्रिका ट्विन, २००३ ची केटीएम ९५० ॲडव्हेंचर, आणि छोट्या बाजूला २०१६ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन.

नंतर गाड्या फुगत गेल्या. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस पेट्रोल भरून २४९ किलो भरते, त्यावर सामान आणि माणूस. पहिल्या पिढीची हिमालयन सुद्धा शेवटी १९९ किलोची झाली होती, ती काही हलकी नव्हे, पण पन्नास किलोचा फरक गाडी चिखलात आडवी झाली की नीट कळतो. इथे माझं मत स्पष्ट आहे, एकट्याने आडवाटेला जायचं असेल तर जी गाडी तुम्ही एकट्याने, दमलेले असताना, उतारावर, तिसऱ्यांदा उचलू शकता तीच तुमची गाडी, बाकी हॉर्सपॉवरचं कौतुक हायवेवर करावं. उचलायची पद्धत पण आहे, हँडल वळवून लॉक करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, पाठ सीटला लावायची आणि मागे पाय टाकत पायांच्या जोरावर उभं राहायचं, कमरेने ओढायचं नाही.

बाकी बघायचं ते पुढचं चाक. २१ इंची चाक दगडावरून आणि खड्ड्यातून सहज जातं, १९ इंची डांबरावर चपळ पण खडकात जरा अडखळतं. तारांची चाकं धक्का सोसतात, वाकली तरी सरळ करता येतात, अलॉय एकदा तडकलं की संपलं. इंजिनाखाली जाड बॅश प्लेट आणि हातांना गार्ड हवेतच, कारण तुटलेला क्लच लिव्हर किंवा फुटलेलं इंजिन केसिंग एवढंच गावापासून शंभर किलोमीटरवर अडकवायला पुरतं. सामानाला कापडी बॅगा बऱ्या, पडताना धातूच्या पेटीखाली पाय सापडला तर हाड मोडू शकतं.

जमीन वाचणं

टायरमधली हवा हा इथला सगळ्यात स्वस्त बदल आहे. डांबरावर ३० ते ३६ पीएसआय ठेवणारे लोक खडीवर २२ ते २६ वर येतात, खोल वाळूत त्याहून कितीतरी खाली, कारण हवा कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो आणि दगडावर उड्या मारत नाही. पण फार कमी केली आणि वेगात दगडावर आदळलात तर रिमला घळ पडते किंवा ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून एकदम दोन भोकं पडतात, म्हणून हवा आणि वेग दोन्ही एकत्रच उतरवायचे, आणि डांबर लागलं की पंप काढून परत भरायची, याचा कंटाळा करायचा नाही.

खडीच्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या, त्यावरून गेलं की दात वाजतात आणि नटबोल्ट सुटतात. लोकांना वाटतं की हे खराब शॉकअबमुळे किंवा जड ट्रकमुळे होतं, पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की साधं चाक सैल वाळूवरून ठराविक वेगाच्या वर फिरवत राहिलं की लाटा आपोआप तयार होतात, शॉकअब असो नसो. चाक बारीक उंचवट्यावरून किंचित उडतं, पुढे आपटतं, खड्डा करतं, मागून येणारं चाक त्याच खड्ड्यात पडून पुन्हा उडतं. वेग वाढवला की गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाते आणि आराम वाटतो खरा, पण तेव्हा चाकं बराच वेळ हवेत असतात, ब्रेक लागत नाही आणि वळण आलं की गाडी सरळ जाते.

फुफाटा, म्हणजे पिठासारखी बारीक धूळ, खड्डे काठोकाठ भरून टाकते आणि वरून रस्ता गुळगुळीत दिसतो. वाळूत पुढचं चाक भरकटतं, तिथे घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं आणि चाक आणखी रुततं, हलका ॲक्सिलरेटर चालूच ठेवायचा. चिखल मात्र जातीवर आहे. मुरमाचा चिखल पाणी ओसरलं की तासाभरात सोसतो, चिकणमातीचा टायरच्या खाचा भरून टाकतो, मडगार्डमध्ये घट्ट बसतो आणि चाक फिरायचं थांबतं, मग काही उपाय नाही, वाळेपर्यंत बसायचं.

चालवताना उभं राहतात ते दिखाव्यासाठी नाही. पायांवर उभं राहिलं की गुडघे आणि कोपर शॉकअबचं काम करतात, गाडी खाली मोकळी नाचते आणि लांबचं दिसतं. नजर जिथे, गाडी तिथे, म्हणून दगड चुकवायचा असेल तर दगडाकडे नव्हे तर शेजारच्या वाटेकडे बघायचं. ओढा लागला तर आधी पायी पार करून बघायचं, पायी जमत नसेल तर गाडीने जायचं नाही. पाण्यात गाडी पडून इंजिन बंद झालं तर स्टार्टर दाबायचा मोह आवरायचा, सिलेंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर फेकून मगच सुरू करायची.

वाट शोधणं

जुने लोक कागदी नकाशे वापरायचे, आता जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर उघडणारी आखलेली वाट, आणि इंटरनेट नसताना चालणारं ॲप. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशात कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते, १ म्हणजे पक्का किंवा घट्ट, ५ म्हणजे मऊ माती आणि गवत, पण ती प्रत कुणा एकाने एका ऋतूत बघून दिलेली असते हे विसरू नये. तयार मार्गही आहेत. अमेरिकेत सॅम कोरेरोने वर्षानुवर्षं खपून देशाच्या आरपार जाणारा, बराचसा कच्चा असा ट्रान्स अमेरिका ट्रेल जुळवला, २०१० पासून बॅककंट्री डिस्कव्हरी रूट्स ही संस्था एकेका राज्याचे मार्ग मोफत देते, आणि २०१७ मध्ये सुरू झालेला ट्रान्स युरो ट्रेल प्रत्येक देशातले स्थानिक स्वयंसेवक सांभाळतात. सगळ्यात भरवशाचा नकाशा मात्र त्या वाटेने रोज जाणारा माणूसच, पूल वाहून गेलाय का हे त्यालाच माहीत असतं, फक्त प्रश्न "हा रस्ता तिकडे जातो ना" असा विचारू नये कारण लोक मान राखायला हो म्हणतात, "इथून पुढे काय आहे" असं विचारावं.

पेट्रोलचा हिशोब हायवेच्या ॲव्हरेजवर करू नये, वाळूत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते पार ढासळतं. एकट्याने जाताना कुठे, कुठून, किती वाजेपर्यंत हे मागे कुणाला तरी सांगून जाणं आणि मोबाइलला रेंज नसेल तिथे सॅटेलाइट मेसेंजर जवळ ठेवणं, कारण साधं पाय मुरगळणं सुद्धा मदत दहा तासांवर असेल तर साधं राहत नाही.

हक्क आणि फाटकं

रस्ता नकाशावर आहे म्हणजे मोटरसायकलला मोकळा आहे असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुन्या गाडीवाटांवर जायचे मोटारींचे कितीतरी हक्क २००६ च्या कायद्याने एका फटक्यात संपले, जिथे हक्क नोंदलेला होता तिथेच टिकला, आणि १९७० पासूनची ट्रेल रायडर्स फेलोशिप उरलेल्या वाटांसाठी आजही झगडते. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, तिथल्या शेवाळावर पडलेली चाकोरी भरून यायला कित्येक वर्षं लागतात. अस्सिएत्ताच्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी मोटारवाहनांना बंदी असते, ते दिवस चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे.

वाटा बंद होण्याचं एक मोठं कारण आवाज आहे, आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून चार लोक गेले की नंतरच्या चारशेंना फाटक बंद मिळतं. घराजवळून, माणसांजवळून, जनावरांजवळून जाताना वेग इतका कमी करायचा की मागे धूळ उडणार नाही. घोडा दिसला तर थांबून इंजिन बंद करायचं आणि स्वाराच्या इशाऱ्याची वाट बघायची.

आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. बंद होतं तर ओलांडून पुन्हा बंद करायचं, शेवटच्या गाडीवाल्याने खात्री करून. उघडं होतं तर उघडंच ठेवायचं, आपल्याला बरोबर वाटतं म्हणून लावून घ्यायचं नाही, कारण बरेचदा ते मालकाने मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं आणि गुरांचं पाणी पलीकडच्या बाजूला असतं.