दंड भरला की खटला मिटतो?

'नटाने कर बुडवला तरी दंड भरून सुटतो,' असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. प्रत्यक्षात दंड आणि खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम २७०ए चा दंड अधिकारी लावत असे: उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरच्या कराच्या ५० टक्के, खोटी माहिती दिल्यास २०० टक्के. कलम २७६सी चा खटला मात्र न्यायालयात चाले. बुडवलेल्या कराची रक्कम २५ लाखांहून जास्त असेल तर सहा महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती. शिवाय कर बुडवण्याचा हेतू गृहीत धरला जातो. तो नव्हता हे आरोपीनेच दाखवायचे.

गैरसमजाचे मूळ बहुधा कंपाउंडिंगमध्ये असावे. त्याच कायद्याच्या कलम २७९(२) नुसार शुल्क भरून प्रकरण मिटवता येत असे, पण अर्ज मंजूर झाला तरच. तो हक्क नव्हे. खटला खरेच मिटला का, हे न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटला क्रमांक टाकून पाहता येते.